अकरा महिने, सोळा हजार किलोमीटर: पहिलीच गाडी, तीही जुनी लक्झरी सेडान

गाडी माझ्या नावावर झाली तेव्हा मीटरवर ६८,४०० किलोमीटर होते. आज सकाळी ८४,६०० दिसले. या अकरा महिन्यांत मी तिच्यावर जीव लावलाय, तिच्यामुळे दोनदा रात्री झोप उडाली आहे, आणि खर्चाची एक वही भरत आली आहे. ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय.

गाडी जर्मन बनावटीची, मधल्या आकाराची सेडान. दोन लिटरचं डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. घेतली तेव्हा सात वर्षांची होती. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण माझ्या एका गाडीवरून कुणी त्या नावाबद्दल मत बनवावं असं मला वाटत नाही. शिवाय खालचं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला थोड्याफार फरकाने लागू होईल.

याआधी माझ्या नावावर एकही गाडी नव्हती. एका साध्या नव्या गाडीच्या पैशांत ही येत होती, आणि सगळा मोह तिथेच होता. पण सात वर्षांत गाडीची किंमत निम्म्याच्याही खाली येते, तिच्या सुट्या भागांची येत नाही. हेडलाइट फुटला तर बदलून जो येतो तो महागड्या गाडीचाच असतो. त्यामुळे मी ठरवलं की खरेदीच्या रकमेच्या १५ टक्के वेगळे काढून ठेवायचे आणि ते आधीच खर्च झालेत असं समजायचं. हे जमत नसेल तर अशी गाडी घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

तीन महिन्यांत नऊ गाड्या बघितल्या. पहिल्याच गाडीने मला भुलवलं होतं. काळीभोर, आरशासारखी चकचकीत, मीटरवर फक्त ४१,०००. पण आत बसल्यावर हाताला ड्रायव्हर सीटची दाराकडची कड लागली. तिथलं लेदर चिरलं होतं आणि आतला फोम दबून गेला होता. ब्रेक पेडलच्या रबराची एका कोपऱ्यातली नक्षी पूर्ण झिजली होती. ४१ हजारांत असं होत नाही. सोबतच्या मेकॅनिकने गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावला. या गाड्यांमध्ये किलोमीटरचा आकडा बऱ्याचदा एकाहून जास्त ठिकाणी साठवलेला असतो, मीटर मागे फिरवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी पोहोचता येतंच असं नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये १,१२,००० निघाले. आम्ही काही न बोलता निघून आलो.

त्यानंतर मी बघायची रीतच बदलली. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे निघाले, तर मालकाने लागेल तेवढंच केलंय हे समजतं. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकमेकांशी जुळतात का बघायचं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि आकडा तीनशे-चारशेच्या वर गेला की त्या पत्र्यावर नंतर काम झालंय. (बॉनेट अॅल्युमिनियमचं असेल तर फक्त लोखंडावर चालणारं यंत्र काहीच दाखवत नाही. मी पहिल्यांदा गोंधळले होते.)

शेवटी जी घेतली ती दिसायला या सगळ्यांत साधी होती. करडा रंग, मागच्या बंपरवर बोटभर ओरखडा. तिचे मालक निवृत्त गृहस्थ. चहूबाजूंनी गाडी बघायला मी वाकले तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पहिलीच गाडी का?"

"हो, काका."

"मग आधी ही फाइल वाचा. गाडी कुठे जात नाही."

फाइलमध्ये सात वर्षांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलने मीटरचं रीडिंग. इंजिन ऑइल दर १०–१२ हजारांनी बदललेलं. गाडीचा कॉम्प्युटर यापेक्षा कितीतरी लांबचा पल्ला सांगत असताना त्यांनी थांबून राहायचं नाकारलं होतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून गाडी कमी चालली तरी बदलावंच लागतं. हे करणारा माणूस मीटर फिरवत नाही, असं माझं मन तेव्हाच म्हणालं. तरीही स्कॅनर लावलाच, आणि सगळे आकडे जुळले.

मी येण्याआधी गाडी सुरू करू नका, एवढी विनंती त्यांना फोनवर केली होती. बॉनेटवर तळहात ठेवला तर ते थंडगार होतं. या वर्गातल्या काही डिझेल इंजिनांची टायमिंग चेन (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती सैल झाली तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवायची वेळ येते. पहिल्या दोन-चार सेकंदांत साखळी खडखडते का, ते थंड इंजिनवरच नीट कळतं. मेकॅनिकने बॉनेटखाली कान लावला, मी चावी दिली. डिझेलचा नेहमीचा खरखरीत आवाज आला आणि लगेच स्थिरावला. मेकॅनिकने मान हलवली. तो क्षण माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आणखी एक काम मी घरी बसून केलं, ते सगळ्यांनी करावं. गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीकडे देऊन एखादा रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते विचारायचं. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचं प्रकरण जगभर गाजलं. त्यातल्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होत होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत होते. असले भाग कंपन्या फुकट बदलून देतात, पण त्याचं पत्र जातं पहिल्या मालकाला. गाडी दोन हात फिरली की ते पत्र हरवतं. माझ्या गाडीचं काही बाकी नव्हतं.

चालवायला कशी आहे? मला अजून सवय झालेली नाही, इतकी चांगली आहे. दार लावलं की "धप्" असा भरीव आवाज येतो आणि बाहेरचं जग मागे पडतं. ताशी १०० ला इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास शांत फिरत असतं. ओव्हरटेक करताना पाय जरा दाबला की पाठ सीटला टेकते, आणि तेवढ्यातच काम झालेलं असतं. वळणावर गाडी झुकत नाही, घट्ट धरून जाते. आईची कंबर दुखते, लांबच्या प्रवासाला ती नको म्हणायची. चार तासांच्या प्रवासानंतर ती उतरली आणि सरळ चालायला लागली. मला तेव्हा जो आनंद झाला, त्याची नोंद वहीत नाही.

आता दुखणी.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी असल्याचा संदेश आला. टाकी बघितली, पातळी खुणेच्या थोडी खाली. भरलं. नऊ दिवसांनी परत तोच संदेश. खाली जमिनीवर थेंब नाही, तापमानाचा काटा जागेवर. मी ते पुन्हा भरून विसरून गेले असते, पण काकांच्या फाइलने मला थांबून न राहायची सवय लावली होती. मेकॅनिकने टाकी बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात उलटी धरली. प्लास्टिकचे दोन भाग जिथे जोडलेले असतात त्या शिवणीवर केसासारखी रेघ होती, आणि रेघेच्या कडेने सुकलेल्या कुलंटची पांढरट, मिठासारखी पापडी. इंजिन गरम झालं की दाबाने ती रेघ उघडायची, चार थेंब बाहेर यायचे आणि गरम भागावर सुकून जायचे. म्हणून जमिनीवर काही दिसत नव्हतं. टाकी, झाकण आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, कारण सगळ्यांचं वय सारखंच होतं आणि उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं. हा खर्च झेपण्यासारखा होता. टाकी रस्त्यात फुटून इंजिन तापलं असतं तर इंजिनचा वरचा भाग, हेड, उतरवावा लागला असता, आणि माझे १५ टक्के एका दिवसात संपले असते.

सर्वांत मोठा खर्च मात्र बिघाडाचा नव्हताच. ८०,००० ला गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. बऱ्याच कार कंपन्या हे ऑइल आयुष्यभर टिकतं म्हणतात. पण आठ गिअरचा हा गिअरबॉक्स जी झेडएफ कंपनी बनवते, तीच कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदला म्हणते. बनवणाऱ्याचं ऐकायचं ठरवलं. तळाचा प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकाच तुकड्यात येतात, त्यामुळे पॅनही नवाच बसतो. ऑइलची पातळी ठरावीक तापमानालाच तपासायची असते, स्कॅनरवर तापमान बघत बघत. ज्याच्याकडे हे करायची साधनं नाहीत त्याला हात लावू देऊ नका. काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला तो बारीकसा धक्का गेला. तो होता हे मला तो गेल्यावरच कळलं.

टायर रनफ्लॅट आहेत, डिकीत स्टेपनी नाही. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. हे एकदा उपयोगी पडलं, रात्री, पावसात. पण बाजू कडक असल्याने खड्डा थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. पुढच्या वेळी साधे टायर घालायचे आणि डिकीत हवेचा पंप ठेवायचा, असं ठरवलंय.

बॅटरी बदलली तेव्हा नवी बॅटरी कॉम्प्युटरमध्ये नोंदवून घ्यावी लागली. नाहीतर गाडी तिला जुनी समजून तशीच चार्ज करत राहते. ब्रेक पॅडबरोबर त्याची सेन्सरची वायरही लागते, पॅड झिजला की ती तुटते आणि तेव्हाच दिवा लागतो. इंजिन ऑइल बघायला दांडी नाही, पडद्यावर आकडा येतो, तोही गाडी गरम आणि सपाट जागेवर असतानाच. हे सगळं सवयीचं होतं.

डिझेलबद्दल मात्र आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो ते आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान नेऊन काजळी जाळून, आणि त्यासाठी गाडी सलग वेगात चालावी लागते. माझं ऑफिस चार किलोमीटरवर आहे. पाचव्या महिन्यात फिल्टर भरल्याचा दिवा लागला. तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर तो गेला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तिला लांब घेऊन जाते, आणि ऑफिसला बहुतेकदा चालत. रोज चार-पाच किलोमीटरच जाणार असाल तर याच गाडीची पेट्रोल आवृत्ती शोधा, अॅव्हरेज कमी मिळालं तरी.

एकूण हिशेब असा. अकरा महिन्यांत दुरुस्ती आणि देखभालीवर खरेदी किमतीच्या ११ टक्के गेले. यातला निम्म्याहून जास्त भाग गाडी बंद पडू नये म्हणून आधीच केलेल्या कामांचा आहे. रस्त्यात ती एकदाही थांबलेली नाही. डिझेल आणि विमा यात धरलेला नाही.

उरलेल्या ४ टक्क्यांचं कामही ठरलंय. ताशी ८० च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग हाताला किंचित थरथरतं. डिस्क तपासल्या, त्या ठीक आहेत. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मच्या रबरी बुशला चिरा गेल्यात, लोखंडी पट्टी घालून हलवलं की उघड दिसतात. दोन्ही बाजूंचे आर्म मागवलेत, शनिवारी बसतील, त्यानंतर अलाइनमेंट. पावती त्याच फाइलमध्ये लागेल, कोपऱ्यात पेन्सिलने रीडिंग लिहून.