प्रकाशे वन डे ट्रिप: गाईड एक नंबर, जेवणात मात्र भेदभाव

धुळ्यातल्या एका टूरवाल्याकडून मागच्या रविवारी नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशेची ट्रिप केली. नाव नाही टाकत कारण तक्रार पण आहे. साधं तिकीट 900, प्रीमियम 1500. आम्ही साधं घेतलं.

गाईड पोरगा पुरातत्त्व शिकलेला, त्याच्यासाठीच पैसे वसूल. तापी-गोमाईच्या संगमावर उभं करून सांगितलं की इथे 1955 मधे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि खाली ताम्रपाषाण काळातली (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचे तेव्हाची) वस्ती लागली. आम्ही इतकी वर्षं केदारेश्वराला हात जोडून परत जातो, पायाखाली काय आहे कोणाला पत्ता!

मग मीच विचारलं की एवढ्या जुन्या काळात गरीब कोण श्रीमंत कोण हे कळतं कसं. तो म्हणे घरं मोजायची. सगळ्या घरांचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्यावरून गिनी नावाचा आकडा, सगळ्यांची घरं सारखी असतील तर 0, आणि सगळं एकाच्याच घशात असेल तर 1 च्या जवळ. पुण्याकडच्या इनामगावात अशीच जुनी वस्ती सापडली, तिथे म्हणे बहुतेकांची एक खोली पण एक घर पाच खोल्यांचं, बाजूलाच धान्याचं कोठार. बाकी वयाने मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडायचे आणि या घराच्या अंगणात जो चार पायांच्या रांजणात पुरलेला सापडला त्याचे पाय शाबूत, म्हणजे मेल्यावर पण व्हीआयपी. उलट मोहेंजोदडोत एवढं मोठं शहर पण राजवाडा म्हणता येईल असं काही पक्कं सापडलेलं नाही, घरं लहानमोठी आहेत पण न्हाणी आणि गटार बऱ्याच घरांना.

आमच्यातल्या एक मावशी मधेच बोलल्या, "आमना वाडा बी मोठा शे भाऊ, पन मानसं बावीस शेतस." बरोबर ना! पोराने लगेच मान्य केलं की माणशी जागा किती ते पण बघावं लागतं, आणि ज्याची नुसती कुडाची झोपडी होती त्याचं तर बऱ्याचदा काहीच उरत नाही म्हणून हिशोबात गरीब कमी दिसतात. हे मला फार पटलं, आमच्या शेतावरच्या सालदाराचं खोपटं दोन पावसाळ्यात गेलं होतं.

आता तक्रार. जेवायला प्रीमियमवाले मंडपात, भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर जिलबी. आम्हाला डब्यात गार खिचडी, ती पण उन्हात उभ्याने, आणि एसीची हवा पुढच्या चार सीटपर्यंतच. गाईडला म्हटलं दादा आपल्या बसचा गिनी काढ ना, तर बिचारा हसून ड्रायव्हरकडे बघायला लागला.

5 पैकी साडेतीन, त्यातले तीन गाईडचे. जाणार असाल तर टोपी, पाणी आणि घरचा डबा न्या.