एअर बेड की कूस बदलणं: आयसीयूत नसा कशाने वाचतात?

आयसीयूतला रुग्ण बेशुद्ध असला की नातेवाईक हमखास विचारतात, "एअर बेड लावलाय ना?" लावावाच. त्याचे कप्पे आळीपाळीने फुगतात, पाठ-कमरेवरचा दाब सरकत राहतो, बेडसोअर (दाबाने होणारी जखम) टळायला मदत होते. पण नस, म्हणजे मज्जातंतू, दबते ती बहुधा दुसरीकडेच.

कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी अल्नर नस आणि गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूने फिब्युला हाडाला वळसा घालणारी पेरोनियल नस, दोन्ही कातडीच्या अगदी खाली असतात. गुंगीतल्या माणसाला मुंग्या जाणवत नाहीत. पाय बाहेर कलंडून बेडच्या कठड्याला तासन्‌तास टेकला, तर शुद्धीवर आल्यावर पाऊल वर उचलत नाही. तिथे एअर बेड काय करणार?

म्हणून माझा कौल साधारण दर 2 तासांनी कूस बदलण्याला. त्याच वेळी सिस्टर कोपर फारसं न दुमडता तळहात वर ठेवतात, पोटरीखाली उशी देतात, पाय कलंडू नये म्हणून मांडीलगत गुंडाळलेला टॉवेल लावतात. याला माणसं लागतात आणि रात्रपाळीत ती कमी पडतात, हे खरंच. बीपी डळमळीत असेल तर पूर्ण कूस बदलता येत नाही. हातपाय मात्र तेव्हाही नीट ठेवता येतात. भेटायला गेल्यावर गुडघा कठड्याला टेकलेला दिसला, तर लगेच सिस्टरना सांगा.