पहिल्या सलाईननंतर पुढे काय: स्टिरॉइडच्या गोळ्या की आयव्हीआयजी?

बाबांचे झटके एलजीआय-१ अँटिबॉडीचे निघाले, म्हणजे शरीराच्याच संरक्षक प्रथिनांनी (अँटिबॉडी) मेंदूतल्या एलजीआय-१ या प्रथिनावर उलटून आणलेले. चेहरा आणि एक हात दोन-तीन सेकंद आखडायचा, दिवसातून कितीतरी वेळा. शिवाय सोडियम उतरलेलं. असे झटके नुसत्या फिटच्या गोळ्यांना सहसा दाद देत नाहीत, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच.

सुरुवातीला ५ दिवस रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाईनमधून दिलं आणि आठवड्याभरात हात शांत झाला. झटके आवरण्याच्या वेगात स्टिरॉइडच पुढे, हे मान्य. निवड करायची होती ती त्यानंतरची: स्टिरॉइडच्या (प्रेडनिसोलोन) गोळ्या की आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं सलाईन.

गोळ्या घरच्या घरी घेता येतात. साखर, हाडं, सुजलेला चेहरा हे सगळं आम्ही धरूनच चाललो होतो. वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाबा रात्री २ वाजता कपाट आवरायला घेत आणि सकाळी आईवर ओरडत. आता हा आजारच मुळात झोप, आठवण आणि स्वभाव बिघडवतो, आणि प्रेडनिसोलोनही झोप उडवून चिडचिड वाढवतं. त्यात लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू असेल तर चिडचिडीसाठी तिसरा संशयित हजर. डोस उतरवताना आजार उलटण्याची भीती असते, म्हणजे नेमकं तेव्हाच माणसाकडे नीट बघायला हवं, आणि आम्हाला तर काहीच ओळखू येईना. आई रोज विचारायची, "हे औषधाचं की आजाराचं?"

शेवटी डॉक्टरांशी बोलून, गोळ्या हळूहळू उतरवत (एकदम कधीच बंद करू नका), महिन्यातून एकदा आयव्हीआयजी सुरू केलं. त्यात दिवस सलाईनपाशी जातो, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. पण बाबा झोपू लागले. आता ते चिडले, तर निदान गोळीवर संशय जात नाही.

आमचं उदाहरण सगळ्यांना लागू पडेल असं नाही. रक्ताची गुठळी किंवा किडनीचा त्रास होऊन गेला असेल, तर आयव्हीआयजी जपूनच. एलजीआय-१ ऐवजी जीएडी-६५ या वेगळ्या प्रकारच्या अँटिबॉडी असतील, तर दोन्ही उपचारांकडून अपेक्षा बेताची ठेवावी.

आयव्हीआयजी ठरलंच, तर अँटिबॉडीच्या तपासणीचं रक्त आधी काढून घ्या. बाटलीतून दुसऱ्यांच्या अँटिबॉडी अंगात गेल्या की रिपोर्ट फसवू शकतो. आणि सलाईनचा वेग कमी ठेवायला सिस्टरना सुरुवातीलाच सांगा. बाबांची डोकेदुखी त्यानेच निम्म्यावर आली.