तांब्याची चकाकी आणि उडत्या अक्षता: एका छायाचित्रण अभ्यासक्रमाविषयी

पुण्यातील एका खासगी संस्थेचा वर्षभराचा छायाचित्रण अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. वर्गातली व्याख्याने बेताचीच होती. खरे शिक्षण झाले ते प्रत्यक्ष व्यावसायिक कामांवर, आणि त्यातही तांबट आळीतील भांड्यांच्या चित्रणात. ठोक्याच्या घडाईचा तांब्या इतका चकचकीत, की त्यात कॅमेरा, तिवई आणि माझा गोंधळलेला चेहरा, सारेच उमटत होते. मार्गदर्शकांनी समोरचा दिवा बंद करवून, भांड्याच्या कडेने बटरपेपरचा आडोसा उभा करवला आणि त्यामागून प्रकाश दिला, तेव्हा कुठे एकेक ठोका मऊ उजेडात उठून दिसू लागला. त्या एका तांब्यापायी अख्खी दुपार गेली, पण ती सत्कारणी लागली.

लग्नात अशी सवड नसते. अंतरपाट दूर होतानाच्या चित्रात मी शटरचा वेग १/६० सेकंदावरच ठेवल्याने हार घालणारे हात पुसट आले. पुढच्या लग्नात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० पर्यंत वाढवून, थोडा दाणेदारपणा पत्करून, शटर १/२५० वर ठेवून काम केले. जेजुरीला भंडाऱ्याच्या उधळणीत लेन्स बदलायची नाही, हे मात्र आधीच बजावले गेले होते.

तक्रार एकच: आठ विद्यार्थ्यांमागे दोनच स्टुडिओ दिवे होते, त्यामुळे निम्मा वेळ इतरांसाठी रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा फलक) धरण्यातच जाई. प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र कामे किती येतील, हे लेखी मागून घ्यावे.