फायबर बोटीच्या तळाचा जुना रंग: कार्बाइड स्क्रेपर एक पावसाळा आणि एक हंगाम वापरल्यावर

निकाल आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. बोट तीस फुटांच्या आतली असेल, तळ स्वतः साफ करायची तयारी असेल आणि पावसाळा हाताशी असेल, तर ६५ मिलिमीटर रुंद कार्बाइड पात्याचा, दोन हातांनी धरून आपल्याकडे ओढायचा स्क्रेपर घ्या. ग्राइंडर लावू नका. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पेंट रिमूव्हर तर तळाच्या जवळही नेऊ नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, या घडणीचे स्क्रेपर एकाहून जास्त कंपन्या करतात. पातं टंगस्टन कार्बाइडचं असावं आणि पात्याच्या डोक्यावर दुसऱ्या हातासाठी गोल मूठ असावी, एवढं बघून घ्या.

आमची बोट २६ फुटी, पर्यटकांची, देवबागला कर्ली खाडीत नांगरलेली असते. रेतीवर ओढून ठेवायच्या छोट्या होड्यांना हा त्रास नाही. पण जी बोट सात-आठ महिने चोवीस तास पाण्यातच राहते तिला तळाचा रंग लागतोच, नाहीतर महिन्याभरात शेवाळ आणि पाठोपाठ बार्नेकल, म्हणजे तळाला घट्ट चिकटणारे कठीण कवचाचे समुद्री जीव. या रंगात क्युप्रस ऑक्साइड म्हणजे तांबं असतं. ते हळूहळू पाण्यात सुटतं आणि चिकटायला येणाऱ्या पिल्लांना हाकलतं. अडचण अशी की तांबं संपलं तरी रंगाचं कवच तिथेच राहतं. दर वर्षी वरून नवा हात, खाली जुना मेलेला थर. दहा-बारा वर्षांत आमच्या तळावर तांबडा, निळा, परत तांबडा असे इतके थर साचले होते की पापुद्रा निघाला की त्याची कड जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी जाड दिसायची. त्यावर नवा रंग मारणं म्हणजे सुटलेल्या गिलाव्यावर चुना देणं. नव्या रंगाची पकड वरच्या थरावर असते, आणि वरच्या थराची पकड कशावरच नसते.

ग्राइंडर नको म्हणतो त्याचं कारण मापात आहे. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे सर्वात बाहेरचा गुळगुळीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. पाणी अडवतो तो हाच. त्याच्या आत काचेच्या धाग्यांची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन. फ्लॅप डिस्क लावलेला ग्राइंडर एका जागी दोन सेकंद रेंगाळला की जेलकोट संपून धागे दिसायला लागतात. शिवाय तळाला सलग सपाट भाग कुठेच नसतो, त्यामुळे चकती कडेवर बसते आणि अर्धचंद्रासारखे खड्डे पाडते. बंदरावर असे तळ मी बरेच पाहिलेत. रंग मारला की खड्डे झाकले जातात, पण पाणी आत जातंच.

आता स्क्रेपर. कामाचं क्षेत्रफळ आधी काढून घ्या म्हणजे धीर सुटत नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५, असा तळाच्या रंगासाठीचा जुना हिशेब आहे. २६ फूट लांब, ८ फूट रुंद बोटीला साधारण १७७ चौरस फूट येतात. जुना, सुका, ठिसूळ रंग असेल तिथे तासाला आठ-दहा चौरस फूट निघतात. खालचा पहिला, घट्ट धरलेला थर असेल तिथे याच्या निम्मे.

नवीन पात्याचे दोन्ही कोपरे हिरा-कानशीने किंचित गोल करून घ्या. हे सर्वात महत्त्वाचं. कोपरा टोकदार राहिला तर हात जरा तिरका झाला की जेलकोटवर रेघ उमटते, आणि ती रेघ पुढे पुटीने भरत बसावी लागते. मग पातं तळावर टेकवून, डोक्यावरच्या मुठीवर हलकाच दाब देऊन सरळ आपल्याकडे ओढायचं. जोर लावायचा नाही. धार असेल तर रंग कातरलेल्या खोबऱ्यासारखा उलगडत येतो. जोर लावावासा वाटला म्हणजे धार गेली, थांबून पातं फिरवा. दोन्ही बाजूंना धार असते. पोलादी पट्टीची धार या रंगावर काही मिनिटांत बोथट होते. कार्बाइडची मात्र अर्धा-अर्धा दिवस टिकते, आणि हिरा-कानशीने ती परत लावताही येते. एकच जपायचं: कार्बाइड कठीण तेवढंच ठिसूळ. जांभ्यावर पडलं की धारेचा तुकडा उडतो आणि तो दात पुढे प्रत्येक ओढीला रेघ मारतो. म्हणून बोटीखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली जुनी गोणपाटं.

आमच्या तळाचा मूळ जेलकोट पांढरा, त्यामुळे कुठे थांबायचं ते डोळ्यांना आपोआप कळत होतं. पांढरं दिसलं की पुढे सरका. तांबड्याचे पुसट डाग राहिले तर राहू द्यात. त्यांच्यासाठी नंतर ८० नंबरचा वॉटर पेपर आणि भरपूर पाणी. आमच्याकडे मदतीला येणारे आबा जन्मभर लाकडी होड्यांचं काम केलेले, शार्कचं तेल लावायच्या काळापासूनचे. ते पहिल्या दिवशी म्हणाले, "घासू नको रे, खरवड." त्या दोन शब्दांत सगळी पद्धत आली.

रुंद पातं पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, कडेला आणि तळाच्या पट्ट्यांमधल्या खोबणीत बसत नाही. तिथे अरुंद, तिकोनी पात्याचा छोटा स्क्रेपर लागतोच. दोन्ही एकदमच मागवा.

रसायनांबद्दल. साध्या पेंट रिमूव्हरमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन असतं. ते रंग फुगवतं तसंच पॉलिएस्टरही मऊ करतं, आणि रंग कुठे संपला, जेलकोट कुठे सुरू झाला हे त्याला कळत नाही. ते ४० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे कोकणच्या हवेत डब्यातून हातावर घेईपर्यंत अर्धं उडून आपल्या नाकात जातं. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्कही त्याला फार वेळ अडवू शकत नाही. फायबर बोटींसाठी वेगळं बनवलेलं जेल मिळतं, ते मी मागच्या फळीवर आणि इंजिनाच्या बैठकीभोवती वापरलं. जाड लेप द्यायचा, वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे सुकत नाही, काही तासांनी खरवडायचं. एका वेळी दोन-तीन थर सुटतात. काम चोख होतं, पण जेल महाग आहे आणि निघालेला लगदा सगळीकडे चिकटतो. अख्ख्या तळाला परवडणारं नाही, अडचणीच्या कोपऱ्यांना उत्तम. खाण्याच्या सोड्याचा झोत मारून रंग काढण्याची पद्धतही आहे. अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या तांब्याच्या आतल्या अंगाचं डांबर १९८० च्या दशकात तसंच काढलं होतं. आमच्या किनाऱ्यावर ती सोय नाही.

धुळीबद्दल मी कळकळीने लिहितो आहे. बोटीखाली उताणं पडून काम करताना रंग तोंडावरच येतो. कापडी मास्क, तोंडाला बांधलेला टॉवेल यांनी काहीही अडत नाही. पी३ किंवा पी१०० दर्जाचा, गालाला घट्ट बसणारा रबरी मास्क घ्या, आणि दाढी असेल तर तो बसत नाही हेही लक्षात ठेवा. चष्मा, पूर्ण बाह्या. स्क्रेपरचा मोठा फायदा इथेच आहे: रंग पुडीने उडत नाही, ढलप्यांनी पडतो. मी तर हाताशी पाण्याचा फवारा ठेवून तळ ओला करूनच खरवडत होतो. कोरड्या सँडिंगला हे जमत नाही.

आणि त्या ढलप्या खाडीत जाता कामा नयेत. याच खाडीत बायका ओहोटीला कालवं काढतात. फ्रान्समधल्या आर्काशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पैदास कोसळली. कारण निघालं बोटींच्या तळाच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींना त्या रंगाची बंदी केली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये तो अमलात आला. आजच्या रंगात टिन नाही, पण तांबं आहे, आणि कालवांच्या पिल्लांना तेही सोसत नाही. आमच्या बोटीचा सगळा रंग दोन गोणी भरला. पावसाचं पाणी ताडपत्रीवरून वाहून जाऊ नये म्हणून काम मांडवाखाली, बाजूंनी झाप लावून केलं आणि रोज संध्याकाळी झाडून ढलप्या गोणीत भरल्या. पुढे त्या गोणींचं काय करायचं याचं नीट उत्तर बंदरावर कुणाकडे नाही. घातक कचऱ्याचं केंद्र तळोज्याला आहे. माझ्या गोणी तोंड शिवून कोरड्या जागी ठेवल्या आहेत. बंदरावर अशा कचऱ्यासाठी एक पिंप ठेवलं तरी पुष्कळ होईल.

रंग निघाल्यावर खालून फोड दिसले, नाण्याएवढे, थोडेच. फोडले की आतून दाबाने द्रव उडतो आणि व्हिनेगरसारखा वास येतो. चष्म्याशिवाय हे करू नका. पाणी जेलकोटमधून झिरपून आतल्या रेझिनशी झालेल्या खेळाचा तो परिणाम. फोड उघडून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, सुकवून इपॉक्सीच्या पुटीने भरायचे. पॉलिएस्टरच्या पुटीने नाही.

खरी परीक्षा सुकवण्याची आहे. रंग खरवडायला पावसाळा चांगला, इपॉक्सी लावायला वाईट. हवेत ८५ टक्क्यांवर आर्द्रता असताना इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असायला हवं, आणि जुलैत आमच्याकडे ते क्वचितच असतं. म्हणून ऑगस्टअखेर खरवडणं संपवून बोट तशीच उघडी ठेवली आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली. तळाला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांबायचं. थेंब बंद झाल्यावर दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे हात दिले. एकूण जाडी २५० मायक्रॉनच्या आसपास होईपर्यंत देत राहायचं. शेवटचा हात अंगठ्याला किंचित चिकटतो आहे तोवरच तळाचा रंग चढवला. बोट दिवाळीच्या तोंडावर पाण्यात गेली, म्हणजे सप्टेंबरचा धंदा बुडाला. हा खर्च स्क्रेपरच्या किमतीत धरायला हवा. मला तो मान्य आहे, कारण ओल्या तळावर घाई केली असती तर सगळी मेहनत फुकट गेली असती.

आता मे संपता संपता बोट वर घेतली आणि तळ पाहिला. पापुद्रा एकही नाही. बार्नेकल आहेत ते ओंडक्यांचा टेकू होता तिथे, म्हणजे जिथे रंग नीट चढवता आला नव्हता तिथे, आणि इंजिनाच्या पायावर. बाकी पातळ शेवाळ, पाण्याच्या फवाऱ्याने जाणारं. नवे फोड नाहीत. हंगामभर तेवढ्याच थ्रॉटलला बोट पूर्वीपेक्षा सुटी धावली, हे बाबांनाही जाणवलं, आणि ते बोलायला कंजूस.

स्क्रेपरच्या उणिवाही लिहितो. तासाभराने मनगट आणि खांदा बोलायला लागतात. दोघांनी आलटून पालटून करा. पात्याचा स्क्रू ओलाव्याने गंजतो, रोज तेलाचा थेंब द्या. चाळीस-पन्नास फुटी ट्रॉलर असेल तर हे हाताचं काम नाही, तिथे धूळ ओढणारं मशीन आणि अनुभवी माणूसच हवा.

माझं पहिलं पातं अजून चालू आहे, दुसरं पाकिटातच आहे. यंदा खरवडायचं नाही. फक्त धुऊन, वॉटर पेपर फिरवून, खाली निळा आणि वर तांबडा हात द्यायचा. निळा दिसायला लागला की नवा रंग द्यायची वेळ झाली, मग उगाच थरावर थर चढवायला नको.