आउटबोर्ड मधेच दम सोडतंय: आधी कार्ब उघडायचा की दुसरी टाकी लावून बघायची?

बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन छान चालतंय, फुल थ्रॉटलला थोडा वेळ पळवलं की अचानक ताकद जाते, थ्रॉटल कमी केला की सावरतं आणि जरा वेळाने परत तेच. यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, कार्ब (कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काढून साफ करा. दुसरा, बोटीची टाकी आणि पाइप बाजूला ठेवा आणि छोटी पोर्टेबल टाकी, तिचा चांगला पाइप आणि बल्ब (पाइपमधला हाताने दाबायचा रबरी पंप) थेट इंजिनला जोडून पाण्यात फिरवून बघा. मी दोन्ही केलंय.

कार्बची बाजू घेणारे काही चुकीचं बोलत नाहीत. बोट बरेच महिने उभी होती, पेट्रोल जुनं झालंय, आयडलला इंजिन अडखळतंय किंवा बंद पडतंय, तर जेटमध्ये, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, चिकट थर बसलेला असण्याची शक्यता खूप, तिथे सरळ कार्बच उघडावा. पण कधी येतो कधी जातो अशा फॉल्टला मला तो मार्ग फार त्रासाचा वाटतो, आणि त्रास म्हणजे काम नव्हे, तर काम झाल्यावर उत्तर मिळत नाही हा. सगळं परत बसवलं, पाण्याची नळी लावून इंजिन चालू केलं तर ते मस्तच चालणार, कारण पंख्यावर (प्रोपेलरवर) लोडच नाही आणि हा फॉल्ट लोडशिवाय दिसत नाही. म्हणजे परत पाण्यात जायचं, आणि तिथे ताकद गेली तर कार्ब नीट साफ झाला नाही की मुळात कार्बचा दोषच नव्हता, हे काही कळत नाही. त्यात बाऊलचं (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचं) जुनं गॅस्केट एकदा बाहेर काढलं की पेट्रोलने फुगलेलं असतं, खाचेत एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर येतं. दोन-तीन कार्ब असतील तर त्या सगळ्यांचे थ्रॉटल एकसारखे उघडतायत का हेही नंतर जुळवत बसायचं.

दुसऱ्या टाकीचं तसं नाही, निकाल काहीही आला तरी हातात काहीतरी लागतं. फॉल्ट गेला तर दोष पाइप इंजिनला जोडणाऱ्या कनेक्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला: टाकीचा व्हेंट (हवा आत जायचं भोक), आतली जाळी, अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप वाहून जाऊ नये म्हणून टाकीवर असलेला), फिल्टर नाहीतर पाइप. फॉल्ट राहिला तर ताकद जाताना सोबतच्या माणसाला बल्ब दाबत राहायला सांगा. इंजिनने लगेच उचल घेतली तर इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बघा, काहीच फरक पडला नाही तर मग कार्ब नाहीतर स्पार्क. आणि मूळ टाकीवर चालताना बल्ब चपटा होत असेल तर मागे कुठेतरी नक्की अडतंय.

माझ्या बोटीत निघाला तो पाइप. बाहेरून एकदम चांगला, पण ब्लेडने उभा चिरला तर आतलं पातळ अस्तर सुटून सुरकुतलेलं, इंजिन जोरात पेट्रोल ओढायला लागलं की ते आत ओढलं जाऊन वाट बंद व्हायची आणि थ्रॉटल कमी केला की मोकळी. इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या पाइपांचं असं होतं. कार्ब कितीही साफ केला असता तरी हे सापडलं नसतं.

अडचणी यातही आहेत. कनेक्टर कंपनीप्रमाणे वेगळे असतात, टू-स्ट्रोक असेल तर टेस्टच्या पेट्रोलमध्येही ऑइल त्याच प्रमाणात घालायचं, टाकी नीट बांधायची, झाकणावरचा व्हेंट उघडायचा आणि बल्बवरचा बाण इंजिनकडे आहे ना ते बघायचं. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल मात्र यात पकडता येत नाही, त्याला स्पार्क टेस्टर लावूनच फिरावं लागतं. बीपर वाजून आरपीएम पडत असतील तर आधी कूलिंगचं पाणी बघा, आणि आरपीएम चढतायत पण बोट पुढे जात नाही तर बहुतेक पंख्याचा हब (मधला रबरी भाग) सरकलाय, तिथे पेट्रोलचा काही संबंध नाही.

तुमच्या इंजिनचं वेगळं असू शकतं, पण मला विचाराल तर आधी टाकी. कार्ब कुठे पळून जात नाही, गरज पडली तर नंतर उघडा, फक्त उघडण्याआधी नवीन बाऊल गॅस्केट आणून ठेवा.