‘रोहस’ची कागदपत्रे करून देणारी सेवा : समाधान बरेच, तक्रारी दोन

शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा भट्ट्यांचे तापमान नियंत्रक बनवण्याचा छोटा कारखाना आहे. जर्मनीला यंत्रे पाठवणाऱ्या एका ग्राहकाने ‘रोहस’चे, म्हणजे विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय नियमाचे, घोषणापत्र मागितले, तेव्हा शहरातल्या एका सल्लागार संस्थेकडे आम्ही हे काम सोपवले.

पहिल्या बैठकीतच पैसे वसूल झाले. युरोपीय संघाचा हा नियम २००६ पासूनचा असला, तरी आमच्यासारख्या औद्योगिक नियंत्रकांना तो २२ जुलै २०१७ पासून आणि त्यातल्या चार थॅलेटांपुरता (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) २०२१ पासून लागू आहे, हे तिथे समजले. कॅडमियमला ०.०१ टक्का आणि शिसे, पारा वगैरे बाकी नऊ पदार्थांना ०.१ टक्का ही मर्यादा आम्हाला पाठ होती. पण टक्का नेमका कशाचा, हे कुणी सांगितले नव्हते. सल्लागारांनी आमच्याच टेबलावरची वायर ब्लेडने सोलून दाखवली : वरचे पीव्हीसी हा एक पदार्थ, आतले तांबे दुसरा, तांब्यावरचा कथलाचा मुलामा तिसरा, आणि प्रत्येकाचे प्रमाण स्वतंत्र मोजायचे. म्हणजे पाऊण किलोच्या नियंत्रकात एका सांध्याला जुन्या ६३-३७ सोल्डरचा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) डाख बसला, तरी सगळा नग नापास. याउलट पितळी टर्मिनलमध्ये ४ टक्क्यांपर्यंत शिसे सवलतीखाली चालते. एवढ्या तपशिलात शिरणारा माणूस आम्हाला आधी भेटला नव्हता.

सल्लागारांच्या तपासणी अहवालाने मात्र घोळ घातला. सर्किट बोर्डापुढे ‘ब्रोमीन आढळले, नापास’ असा शेरा मारून तो परस्पर ग्राहकाकडे गेला आणि आमचा माल नऊ दिवस अडकला. क्ष-किरणांची प्राथमिक तपासणी एकूण ब्रोमीन दाखवते, ते कोणत्या संयुगातले हे सांगत नाही; बंदी मात्र ब्रोमीनच्या काही संयुगांवरच आहे. एफआर-४ या नेहमीच्या काचतंतू-इपॉक्सी बोर्डात ते बहुधा टीबीबीपीए या आगरोधक संयुगातले असते, आणि टीबीबीपीए बंदीच्या यादीत नाही. रासायनिक चाचणीनंतर तेच निघाले. सुधारित अहवालाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

शिसेविरहित सोल्डर जुन्यासारखे १८३ ऐवजी सुमारे २१७ अंशांना वितळू लागते आणि त्याचा सांधा मंद दिसतो, याची कल्पनाही द्यायला हवी होती. डाख देणाऱ्या आमच्या कामगार मुलींनी पहिल्या दिवशी चांगले सांधे कच्चे समजून पुन्हा तापवले.

पुढचे काम त्यांनाच देणार आहे, पण अहवाल आधी आमच्या हाती येईल या अटीवर.